चुलीला सुट्टी

श्रोतेहो, सुट्टी हा शब्द आमच्या घरात मुलांच्या दप्तरातून आला. त्याआधी आमच्याकडे फक्त 'बंद' असायचं. मयत झाली की दुकान बंद. ईदच्या दिवशी बंद. गावात काही गडबड झाली, की शटर खाली ओढून बंद. वडिलांनंतर हे जनरल स्टोअर्स मी चालवायला घेतलं. वह्या, पेन, बांगड्या, रिबिनी, लग्नाचे आहेर, असं सगळं एका छताखाली. बीए झालेला माणूस रिबिनी मोजतो म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग तो कविता करतो हे कळल्यावर आणखी हसले. ते असो. सांगायचं ते हे, की बंद वेगळं आणि सुट्टी वेगळी. बंदच्या दिवशी माणूस घरात अडकतो. सुट्टीत तो मनानं बाहेर पडतो.

मी गोरेगावचा. गोरेगाव म्हटलं की लोकांना मुंबईचं आठवतं, फिल्मसिटीवालं. एका कविसंमेलनात निवेदकानं 'मायानगरीतून आलेले कवी' अशी माझी ओळख करून दिली होती आणि मी ती दुरुस्त केली नाही, कारण त्यामुळे टाळ्या बऱ्या पडल्या. आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यातलं, हिंगोली जिल्ह्यातलं. हा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. मराठवाड्याचं हे वरचं टोक. थोडं पुढं गेलं की विदर्भ लागतो. पर्यटनाच्या नकाशावर आमच्या गावाचं नाव नाही आणि ते असावं असं गावातही कुणाला वाटत नाही.

अशा गावातली नवरा-बायको पूर्वी एकत्र प्रवास कशासाठी करायची? लग्न, मयत, दवाखाना आणि उरूस. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. त्यातल्या पहिल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत आम्ही दोघं जिथं जिथं गेलो, ते या चारात बसतं. पाचवं कारण नव्हतं. गावात कुणाच्याच घरात नव्हतं, त्यामुळं ते नाही असंही कुणाला वाटत नव्हतं.

त्यातल्या त्यात उरूस म्हणजे आमची सहल. मराठवाड्यातल्या लोकांना कंदुरी सांगायला नको. नवस फेडायला दर्ग्यावर जायचं, बकरं कापायचं, तिथंच शिजवायचं, पाहुण्यांना जेवू घालायचं. आमच्याकडे कंदुरी फक्त मुसलमान करत नाहीत, मराठे करतात, धनगर करतात, सगळेच करतात. आधी बैलगाडी, मग टेम्पो, आता पिकअप. पण वाहन कुठलंही असो, त्यात एक गोष्ट ठरलेली: परात, पोळपाट, पिठाचा डबा आणि जळण. दर्ग्याच्या मागे तीन दगड मांडले जात. मटणाचा रस्सा गडीमाणसं करायची, मोठ्या कौतुकानं, चव घेत घेत. भाकरी बायका थापायच्या. पन्नास-साठ माणसांच्या भाकरी. माझी बायको दर्ग्याला जाऊन यायची आणि घरी आल्यावर कुणी विचारलं, "कैसा था उरूस?" तर म्हणायची, "धुव्वा था." धूर होता!

ती विनोदी आहे. आमच्या घरात कवी ती आहे, मी फक्त लिहितो. आणि ती दखनीत बोलते, मी मराठीत लिहितो, त्यामुळं तिचं निम्मं माझ्या हातून सांडतं.

सणाचं तेच. रमजानचा महिना आला की लोक मला विचारतात, "भाई, महिनाभर जेवणाला सुट्टी ना?" आता काय सांगावं! सहेरीला घरात सगळ्यात आधी उठते कोण, इफ्तारीची भजी तळते कोण? आणि ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं पातेलं तिसऱ्यांदा चुलीवर चढवते कोण? दिवाळीत तुमच्या घरात फराळ जी करते, तिला विचारा. जे सगळ्यांच्या सुट्टीचे दिवस, ते तिच्या सगळ्यात जास्त कामाचे दिवस. सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण आपला वेळ कशात घालवतो याची. तिच्यात असं निघालं, की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटांचा. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. मी हा आकडा घरात वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "वो एक मिनिट कब मिल्या, मेरे कू याद नै."

१९३६ साली फ्रान्समध्ये कायदा झाला, की कामगाराला वर्षातून दोन आठवडे भरपगारी सुट्टी मिळालीच पाहिजे. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. मी हे कधीतरी वाचलं आणि माझ्या मनात प्रश्न आला, की त्या समुद्रकाठी जेवण कुणी केलं असेल?

आता आमच्या पाचव्या कारणाची गोष्ट. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हा सरकारचा निर्णय चांगला की वाईट, एसटीला परवडतो की नाही, यावर पेपरात पुष्कळ लिहून आलं. माझ्या घरात त्याचा परिणाम असा झाला, की मुलांच्या आईनं हिशेब मांडला. ती सातवी शिकलेली आहे, पण दुकानाच्या उधारीची वही तिच्याकडे असते. म्हणाली, दोघांचं मिळून दीड तिकीट लागतं. म्हणजे पूर्वी एका फेरीला जे पैसे लागायचे, त्याच्या पाऊण पैशात आता फेरी होते. राहिलेल्या पाव पैशात बाहेर जेवता येईल. आणि मग खरी गोष्ट बोलली. "चलो कहीं भी. बस, वहां चूल्हा मेरा नक्को."

कुठंही चला, फक्त तिथली चूल माझी नको. श्रोतेहो, त्या दिवसापासून आमच्या सहलीचा एकच नियम आहे. घरून डबा न्यायचा नाही. चटणी-भाकरीसुद्धा नाही. पाण्याची बाटली आणि तिची गुडघेदुखीची गोळी, एवढंच सामान. आणि मुक्काम शक्यतो एक रात्र. दोन रात्रींना दुकान रागावतं.

पहिल्यांदा नांदेडला गेलो. हिंगोलीहून गाडी बदलून. नांदेडला आम्ही याआधीही गेलो होतो, पण ते दवाखान्यांच्या गल्लीत. हे शहर आम्हाला एक्स-रेच्या पाकिटातून माहीत होतं. या वेळी सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथं निवर्तले. २००८ साली गुरुगादीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा सगळ्या शहराचा चेहरा बदलला होता. आत जाताना डोकं झाकावं लागतं. तिचं झाकलेलंच असतं. मीच उघडा पडलो. दारात मिळालेला केशरी रुमाल मी डोक्याला बांधला तर तो सारखा घसरायचा. तीस वर्षं पदर सांभाळणारी बाई माझ्याकडे बघून हसून बेजार. शेवटी तिनंच गाठ मारून दिली.

मग लंगर. तिथं सगळे जमिनीवर रांगेत बसतात. कलेक्टर असो, की आमच्यासारखे. वाढणारा सेवादार रोटी घेऊन आला, की दोन्ही हात पुढे करायचे. ताट पुढं नाही, हात. ती रोटीला प्रसाद मानतात. पंजाबातून आलेला एक तरुण मुलगा वाढत होता. तिच्या ओंजळीत त्यानं गरम रोटी ठेवली, तव्यावरून आलेली, वाफ निघत असलेली. तिनं ती तशीच धरून ठेवली. मी म्हटलं, "खा ना." ती म्हणाली, "गरम है." मी म्हटलं, "निवू दे मग." तर म्हणाली, "नक्को. थंडी तो रोज खाती."

घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी येते, ती टोपलीच्या तळाची. गार आणि जराशी कडक. हे काही दुःख नाही, तिनं कधी ते दुःख म्हणून सांगितलं नाही. माझ्या आईचंही तसंच होतं. पण त्या दिवशी तिनं चार रोट्या खाल्ल्या आणि पाचव्याला पुन्हा हात पुढे केले. मी इतकी वर्षं प्रेमाच्या गझला लिहितो. चंद्र, दिवा, वारा, दरवळ, सगळं वापरून झालं. गरम रोटीवर माझ्याकडे एक शेर नव्हता.

त्यानंतर आम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा निघतो. लोणारला गेलो, ते थंडीत. रिसोडच्या स्टँडवर पोहे खाल्ले, वरून तर्री घेतली. विदर्भाची हद्द लागली की पोह्यांवर तर्री येते, हीच माझ्या दृष्टीनं प्रांतरचना. लोणारचं सरोवर उल्का पडून झालेलं, काळ्या पत्थरात, काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. पाणी खारट. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं. खारेपणा वाढला आणि त्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असं शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये. वय किती? आधी कुणी पन्नास हजार वर्षं म्हणायचं, नंतरच्या संशोधनात पाच लाख सत्तर हजार आलं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "उमर का ऐसाच रैता. पूछने वाले पे है."

खाली उतरायला पायऱ्या आहेत. तिचे गुडघे नको म्हणाले. मग आम्ही वर काठावरच बसून राहिलो, दोन तास. मला आधी वाटलं, एवढं येऊन खाली नाही गेलो तर काय पाहिलं? पण सहल म्हणजे हजेरी नव्हे. ठिकाणांच्या यादीवर टिचक्या मारत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. सकाळी सहाला उठून सात देवळं करतात आणि घरी येऊन आजारी पडतात. आम्ही बसलो. खालून मोरांचे आवाज येत होते. तिनं मला विचारलं, "आप कविसंमेलन कू जाते, वहां क्या करते?" तीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला, कारण तीस वर्षांत बसायला जागा पहिल्यांदा मिळाली होती. मी सांगितलं, की कवीला बोलावतात ते एकट्याचं भाडं देऊन, आणि झोपायला देतात ते घोरणाऱ्या दुसऱ्या कवीबरोबर. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि बातमी वाचून किती भारावलो होतो, तेही सांगितलं. तिला माहीत नव्हतं. आणि मला हे माहीत नव्हतं, की लग्नाआधी तिला विहिरीत पोहता येत होतं. एवढ्या पाण्याकडे बघून तिला आठवलं.

दुपारी एका खानावळीत जेवलो. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. बाहेर आम्ही बहुधा शाकाहारी असतो, त्यानं आमचेही प्रश्न मिटतात आणि दुकानदाराचेही. भाकरी करणारी बाई चुलीपाशी होती. माझी बायको जेवण झाल्यावर आत जाऊन तिच्याशी पाच मिनिटं बोलून आली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नान-खलियासाठी मात्र शाकाहाराला रजा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद, तिथला हा पदार्थ. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया आला, असं खाणारे आणि खिलवणारे दोघंही सांगतात. खरं-खोटं तुघलक जाणे. पण मोठ्या डेगेत रात्रभर शिजणारं मटण आणि भट्टीतली जाड नान बघितली, की हे फौजेचंच जेवण, असं पटतं. खाता खाता ती भट्टीकडे बघत होती. म्हणाली, "यहां पकाने वाले सब मरद है." मी म्हटलं, "हो. लग्नातले बावर्चीही पुरुषच असतात." "और ढाबे पे?" "तिथंही." "मतलब पैसे मिले तो आता पकाना," असं म्हणून तिनं नानचा पुढचा तुकडा मोडला.

तिथून बीबी का मकबऱ्याला गेलो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, १६५७ साली वारली, तिची ही कबर. ताजमहालाची धाकटी बहीण म्हणून लोक नाक मुरडतात, मला मात्र ती आवडते, कारण तिच्या अंगावर काटकसर दिसते आणि काटकसर आम्हाला कळते. संगमरवर थोडा, बाकी चुन्याचा गिलावा. माझी बायको कट्ट्यावर बसून पाहत राहिली. मग म्हणाली, की मेल्यावर इतकं मोठं घर बांधलं, जिवंतपणी कधी दोघं असे बसले होते का? मला इतिहास तेवढा माहीत नाही. शहाजहान मात्र मुमताजला लढाईच्या मुक्कामावरही बरोबर न्यायचा; ती १६३१ साली बऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात गेली. हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, ती सहल नव्हे.

लांबच जावं लागतं असंही नाही. नर्सी आमच्याच जिल्ह्यात, नामदेव महाराजांचं गाव, कयाधू नदीच्या काठी. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातले शीख भाविक थेट तिथं येतात. आम्ही एका दुपारी गेलो, नदीकाठी बसलो, उसाचा रस प्यालो आणि दिवेलागणीला घरी. औंढ्याला नागनाथाच्या देवळाचं शिल्प बाहेरून फिरून पाहिलं. कोरीव हत्तींपाशी एका म्हाताऱ्या बाईनं तिला विचारलं, "कुठल्या गं बाई तुम्ही?" ती म्हणाली, "गोरेगावच्या." पुढची दहा मिनिटं दोघी गुडघ्यांवर कुठलं तेल चांगलं, यावर बोलल्या. पौषातला हुरडा तर आम्ही मित्राच्या शेतावर खातो. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात कोवळी कणसं, हातावर चोळून गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तिथं नियम असा, की भाजणारा भाजतो आणि बाकीचे खातात. ती बाकीच्यांत बसते.

गावात बोललं जातं. "काय भाई, म्हातारपणी हनिमून का?" असं पहिल्या वर्षी रोज ऐकलं. मी म्हणायचो, तरुणपणी कुणी विचारलं नाही म्हणून आता निघालो. हळूहळू थट्टा थांबली आणि चौकशी सुरू झाली. गाडी किती वाजता? राहायला कुठं? किती लागले? मशिदीतून निघताना एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता उपदेश. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, की एसटीचा तो चार दिवसांचा पास, 'आवडेल तेथे प्रवास', तो नवरा-बायको दोघांना मिळतो का? मी सांगितलं, प्रत्येकाला वेगळा काढावा लागतो. चार दिवसांचा असतो, सात दिवसांचाही असतो. ते म्हणाले, "सात जास्त होतात."

पण खरी अडचण गावाची नव्हती. ती घरात होती आणि ती काढली तिनंच. एकदा परतीच्या गाडीत, सेनगाव सोडल्यावर, ती एकदम म्हणाली, "मैं छुट्टी पे, तो चूल्हे पे कौन?"

घरात आमची सून आहे. दोन वर्षांपूर्वी आली, बारावी शिकलेली, हुशार. आम्ही लोणारच्या काठावर बसलो होतो तेव्हा घरी माझ्या मुलाचा डबा, नातवाचं दूध, दुकानातल्या पोराचा चहा, हे सगळं तिच्या अंगावर होतं. म्हणजे चूल विझली नव्हती, फक्त बाई बदलली होती. मी म्हटलं, आपणही आपल्या वेळी केलंच की. तिला ते पटलं नाही. "मैंने किया, इस वास्ते वो भी करे?" असं तिनं विचारलं, आणि गोरेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर वही बदलली. उधारीच्या वहीत मागच्या पानावर आता दोन रकाने आहेत. एक आमचा, एक त्यांचा. आम्ही एक फेरी केली, की पुढची फेरी मुलाची आणि सुनेची. मुलगा आधी कुरकुरला, दुकानात मन गुंतलंय म्हणाला. आईनं त्याच्याकडे फक्त पाहिलं. गेल्या महिन्यात ती दोघं नांदेडला गेली. नातू आमच्याकडे. दुपारी सुनेचा फोन आला, मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका. ओरडून सांगत होती, "अम्मी, यहां हात में रोटी देरे! गरम!"

"मालूम है," इकडून उत्तर गेलं. "दो नक्को लेना, चार ले. और सुन, फोन रख. थंडी हो जायेगी."

त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते आणि नातू तिच्या मांडीवर झोपलेला, उठता येत नव्हतं. खिचडी मी टाकली. डाळ किती, तांदूळ किती, मीठ कधी, हे सगळं तिनं बसल्या जागेवरून सांगितलं. शिट्ट्या मी मोजल्या. चार झाल्या.